सही करायच्या आधी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या गेलेल्या वडिलांच्या कागदांची पिशवी माझ्या ओट्यावर रिकामी केलीस आणि म्हणालीस, "सर, काका म्हणतात वाटणीचं घरातल्या घरात मिटवू, वकिलाच्या दारात गेलं की घर फुटतं. काय करू?" तुझ्या आईपुढे मला बोलवेना. म्हणून लिहितोय.

वकील कर. तुझा स्वतःचा, तुझ्या पैशाने. काकांच्या ओळखीतला नको, तहसील कचेरीबाहेरचा 'सगळं करून देणारा' नको, आणि मीही नको. मी तीस वर्षं भूमिती शिकवली, वारसा कायदा नाही. ज्याला तू फी देशील तोच तुझ्यासाठी कागद वाचेल.

बाग वडिलांनी स्वतः घेतलेली की आजोबांपासूनची, हे तुला सांगता आलं नाही. अगं, सगळं त्यावरच तर ठरतं! स्वतःच्या कमाईची असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याने तू, आई आणि आजी, तिघींना सारखा वाटा. काका या तिघींच्या रांगेत येत नाहीत. वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीने तुझा हक्क जन्मापासूनचा धरतात आणि मग आईचा-आजींचा हिशेब निराळा मांडावा लागतो. तो मांडायला जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या नावांतल्या बदलांच्या नोंदी, काढून वाचाव्या लागतात. हे काम तुझंही नाही आणि माझंही नाही.

ठेवपावतीवर नॉमिनी म्हणून काकांचं नाव आहे, म्हणून पैसे त्यांचे, हे तू मान्य करूनच आली होतीस. वडिलांनी लग्नाआधी घातलेलं नाव असेल ते. नॉमिनीने बँकेतून रक्कम उचलायची आणि वारसांना द्यायची. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये बँकेच्या ठेवींबद्दल हेच सांगितलंय. आणि वडिलांच्या फोनवरून त्यांच्या खात्यातले पैसे पाठवणं आजपासून बंद. आई घरखर्चाला काढते हे मला समजतं, पण उद्या तेच तुमच्यावर उलटेल. खातं वारसांच्या नावे करून घेण्याची रीत बँकेतच विचारा. गावच्या शेतकी सोसायटीच्या कर्जाची धास्ती घेऊ नका. वडिलांकडून जेवढं आलं, तेवढ्यापुरतीच वारसांची जबाबदारी असते. आयकराचं त्यांचं शेवटचं विवरणपत्र वारसाला भरावं लागेल. त्यासाठी सीए गाठ, त्यालाही फी दे.

वारस नोंदीचा अर्ज मात्र तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे जाऊ दे. नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. अर्ज काकांनी भरून आणला तर त्यात कुणाची नावं आहेत ते बघ. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी ठरली असं नसतं, पण नाव सुटलं की निस्तरायला वर्षं जातात.

आता माझं सांगतो.

१९९८ साली आमचे वडील गेले. कवठेमहांकाळकडची कोरडवाहू जमीन, नुसतं माळरान. थोरल्या भावाने हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा कागद, तयार करून आणलं. धाकटी बहीण सासरहून एसटीने आली. नोंदणी कार्यालयाच्या पायरीवर तिने कागद हातात घेतला आणि मला विचारलं, "दादा, वाचू का?" मी म्हणालो, "वाचायचंय काय त्यात, आपलंच तर आहे." तिने सही केली. पुढे म्हैसाळ सिंचन योजनेचं पाणी आलं, माळाची बाग झाली, भावाने ती विकली. बहिणीचे यजमान गेले तेव्हा तिच्या हातात काही नव्हतं. तिने आजवर मला एका शब्दाने विचारलेलं नाही. राखी येते, पोस्टाने.

मी त्यातला रुपया घेतला नाही, माझा वाटाही भावालाच सोडला होता. तेव्हा गावात सगळ्या बहिणी अशाच सह्या करायच्या, आणि पाणी येईल असं कुणाला वाटलं होतं? हे सगळं खरं आहे. पण ती वाचू का म्हणाली होती, आणि तिला वाचून दाखवायला तिचं माणूस तिथे नव्हतं. मी तिचं माणूस नव्हतो. मला घाई होती, दुपारची शाळा होती. चारशे-पाचशे रुपये फी देऊन कुणी वकील तिच्या बाजूला बसला असता, तर तो म्हणाला असता, थांबा ताई, आधी वाचा.

घर फुटेल म्हणतेस. आमचं वकिलाशिवाय फुटलं. काका चांगले आहेत, असतीलही. माझा भाऊही चांगलाच होता. चांगल्या माणसासमोरसुद्धा तुझा वकील हवा. मी हे चौथ्यांदा लिहितोय, ठाऊक आहे मला. तुला ते चार वेळा ऐकायला हवंय, कारण परवा निघताना पुन्हा म्हणालीस, "बघू, काका काय म्हणतात."

आजींना जवळ बसवून शांतपणे विचार, या महिन्यात कुणी कागदावर अंगठा घेतलाय का. घेतला असेल तर तारीख लिहून ठेव, त्यांच्यावर रागावू नकोस. सोमवारी मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अचा खातेउतारा, ठेवपावत्या आणि पिशवीतले ते कोरे स्टॅम्पपेपर, सगळं घेऊन सांगलीला ये. स्टँडवर मी थांबतो, वकिलांच्या ऑफिसच्या दारापर्यंत येतो. आत तू आणि आई बसा. फी किती ते पहिल्यांदाच विचार आणि पावती मागून घे.

तुझे सर