वडिलांच्या १९४४ च्या विलीज जीपच्या इंजिनाचं मागचं ऑइल सील दोनदा बदललं, तरी महिन्याभरात परत गळतंय. मिस्त्री म्हणतो इंजिन बोअर करा, म्हणजे सिलिंडर आतून कातून घ्या. आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनात साठणारा गॅस ओढून घ्यायची झडप, बदलून बघू का?

बघाच. सील दोनदा बदलूनही महिन्याभरात फरशीवर डाग पडतोय म्हणजे सीलपेक्षा आतल्या दाबावर माझा संशय जास्त. वडिलांच्या १९४४ च्या जीपमध्ये मूळचं पेट्रोल इंजिन आहे असं धरतो. आपल्याकडं कितीतरी जीपांत डिझेल बसवलंय, त्यांना हे लागू नाही.

पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं थोडा गॅस खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतोच, अगदी नव्या इंजिनातही. त्या काळच्या बहुतेक मोटारींत तो उघड्या नळीतून रस्त्यावर जायचा. कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांना व्हॉल्व्ह बसू लागला तो १९६१ पासून, धुरक्यामुळं. लढाईतल्या जीपला मात्र तो आधीपासून आहे. इंजिनाच्या बाजूच्या टॅपेट कव्हरवरून येणारी नळी इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरकडं हवा-पेट्रोल नेणाऱ्या ओतीव नळीला, मिळते तिथं बघा. आत दट्ट्या आणि स्प्रिंग, एवढंच. आयडलिंगला मॅनिफोल्डची ओढ जोरात असते, तेव्हा वाट अरुंद होते. ॲक्सिलरेटर दिला की ओढ घटते आणि वाट मोकळी होते. तो बंद अवस्थेत चिकटला की गॅस कोंडतो आणि मिळेल त्या फटीतून ऑइल बाहेर ढकलतो.

मी माझा काढला तेव्हा आत गुऱ्हाळातल्या काकवीसारखा काळा चिकटा होता. रात्रभर रॉकेलात ठेवला, सकाळी दट्ट्या हलला. मग नळीच्या बाजूनं फुंकलं तर हवा सहज गेली, मॅनिफोल्डच्या बाजूनं जवळजवळ अडली. असंच व्हायला पाहिजे. तोंडानं ओढू मात्र नका, चव दिवसभर जात नाही.

स्प्रिंग गंजली असेल तर नवा घ्या, पण जीपचाच. मी शहाणपणा करून दुसऱ्या गाडीचा बसवला होता, इथं कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर आटे जुळवून. पन्हाळ्याचा चढ झकास चढली, आणि दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला तीनदा बंद पडली. मागं रिक्षावाले काय काय बोलले ते इथं लिहित नाही! त्या व्हॉल्व्हमधून आयडलिंगला हवा जास्त जात होती, मिक्श्चर लीन झालं होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडत होतं. आटे जुळले म्हणजे व्हॉल्व्ह जुळला असं नसतं, राव.

बसवताना पान्ह्यावर जोर काढू नका, मॅनिफोल्ड ओतीव आहे, तडकेल. एअर क्लीनरकडून ऑइल भरायच्या नळीला येणारी वाट तुंबलेली नाही ना, तेही बघा; चेंबरला ताजी हवा तिथूनच मिळते. मग इंजिन गरम करून आयडलिंग नव्यानं लावा, आणि सील पुन्हा बदलायचं ते त्यानंतरच.

हे सगळं करूनही निळा धूर येत राहिला, प्लग ऑइलनं भिजायला लागले, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. चारही सिलिंडरचं कमी आलं तर मिस्त्रीचं बरोबर होतं, द्या बोअरला.