पूर्ण वाढ झालेला पाळीव कॉर्न स्नेक किती मोठा होतो?

आपल्याकडचे पिल्लू आज जेमतेम वीतभर आहे, ते पुढे किती वाढेल आणि लहान पेटीत ठेवल्यास लहानच राहील का, असे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे कॉर्न स्नेक पाळतो, त्या अनुभवावरून सांगतो की, चार फुटांचा साप गृहीत धरावा, पण तयारी पाच फुटांची ठेवावी. पूर्ण वाढ झालेले बहुतेक साप ३ ते ५ फुटांचे असतात, सहा फुटी क्वचितच आढळतो, आणि वजन सहसा किलोच्या आतच राहते. नर मादीपेक्षा थोडे लांब भरतात.

अंड्यातून निघताना पिल्लू ८ ते १२ इंचांचे असते. बहुतेक वाढ पहिल्या दोन-तीन वर्षांत उरकते. त्यानंतर ती इतकी मंदावते की सहज लक्षातही येत नाही.

पेटी लहान ठेवली की साप लहान राहतो, हा समज मात्र कृपया मनातून काढून टाकावा. पेटीमुळे वाढ थांबत नाही, अडचणीच्या जागेत सापावर ताण येतो, आणि एखाद्याची वाढ खुंटलेली दिसली तर तिच्यामागे बहुधा उपासमार किंवा आजार असतो. उलट, लवकर मोठा व्हावा म्हणून भरमसाट उंदीर खाऊ घातल्यास लांबीऐवजी चरबी वाढते. अशा सापाच्या खवल्यांमधली कातडी एरवीही ताणलेली दिसते आणि तो वळला की अंगावर घड्या पडतात. शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढा किंवा त्याहून किंचित जाड उंदीर पुरेसा असतो. प्रौढ सापाला तो दहा ते चौदा दिवसांतून एकदा द्यावा.

लांबी मोजण्यासाठी सापाला ओढून सरळ करू नये. तो शांत पडलेला असताना पाठीच्या कण्यावरून दोरा धरावा आणि मग दोरा मोजावा. टाकलेल्या कातेवरून अंदाज बांधू नये, कारण उतरताना कात ताणली जाते आणि ती सापापेक्षा बरीच लांब भरते.

प्रौढ सापासाठी ४ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच पेटी घ्यावी, म्हणजे त्याला अंग पूर्ण पसरता येते. तोवर पिल्लाला लपायला भरपूर आडोसे असलेली छोटी पेटी चालेल, फक्त झाकण घट्ट बसते ना, हे रोज तपासावे. डोके शिरेल एवढी फट मिळाली की उरलेले अंग सहसा मागोमाग निघून जाते.