वाचकांचे प्रश्न : गाडीच्या कर्जामागचा न सांगितलेला ‘पेआउट’

प्रश्न : गेल्या दिवाळीत आम्ही नवी मोटार घेतली. माझे पगाराचे खाते ज्या बँकेत आहे, तिथे साडेनऊ टक्के दर तोंडी सांगितला होता. परंतु शिरोलीजवळच्या शोरूममध्ये फायनान्सचे काम पाहणारा मुलगा म्हणाला, “साहेब, बँकेत कशाला हेलपाटे घालताय? फाइल इथंच करू. यापेक्षा कमी दर तुम्हाला कुणी देणार नाही.” त्याने दुसऱ्या एका वित्तसंस्थेचे आठ लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी करून दिले. मोबाइलवर आलेले ओटीपी मी त्याला सांगत गेलो. दर साडेदहा टक्के असल्याचे आणि या कर्जामागे शोरूमला वित्तसंस्थेकडून ‘पेआउट’, म्हणजे कमिशन, मिळाल्याचे नंतर कळले. इंग्लंडमध्ये अशा गुप्त कमिशनबद्दल भरपाईचा विषय गाजतो आहे. मलाही भरपाई मिळेल का? — एक शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : शोरूमला पेआउट मिळाला, एवढ्याच कारणावरून भरपाई मिळणे अवघड आहे. मात्र “यापेक्षा कमी दर कुणी देणार नाही” हे त्या मुलाचे वाक्य तुमच्या उपयोगाचे आहे, आणि तक्रार करायची झाल्यास ती त्याच वाक्यावर उभी करावी लागेल.

इंग्लंडमध्ये काय झाले ते आधी पाहू, कारण त्याविषयी बरेच अर्धवट ऐकायला मिळते. तेथील वित्तीय नियामक संस्था एफसीए हिने २८ जानेवारी २०२१ पासून एका विशिष्ट पद्धतीवर बंदी घातली. त्या पद्धतीत व्याजदर किती लावायचा हे ठरवण्याची मुभा विक्रेत्याला असे आणि दर जितका चढा, तितके त्याचे कमिशन जास्त. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथील अपील न्यायालयाने तीन ग्राहकांच्या बाजूने कौल दिला. परंतु १ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो बव्हंशी फिरवला. विक्रेता स्वतःचा नफा पाहणारा व्यापारी आहे, ग्राहकाचे हित जपण्याचे बंधन असलेला विश्वस्त नव्हे, अशी भूमिका त्या न्यायालयाने घेतली. तिघांपैकी एकच ग्राहक जिंकला, तोही १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्यातील अन्याय्य संबंधांच्या तरतुदीखाली. त्याच्या जुन्या गाडीच्या कर्जावर विक्रेत्याने सुमारे १,६५० पौंड कमिशन घेतले होते, म्हणजे कर्जाऊ रकमेचा चौथा हिस्सा आणि ग्राहकाने कर्जापोटी द्यायच्या एकूण व्याज-शुल्काच्या ५५ टक्के. शिवाय विक्रेता अनेक वित्तसंस्थांमधून योग्य ती निवडतो असा समज कागदपत्रांतून होत होता, प्रत्यक्षात कर्ज देण्याचा पहिला हक्क एकाच संस्थेला दिलेला होता. म्हणजे तिथेही निकाल फिरला तो कमिशनच्या आकारावर आणि ग्राहकाच्या झालेल्या दिशाभुलीवर.

आपल्याकडे तो निकाल लागू नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या, व्यक्तींनी घेतलेल्या (म्हणजे गाडीच्याही) मुदत कर्जांसाठी ‘केएफएस’, म्हणजे कर्जाच्या मुख्य बाबींचे विवरण, देणे बंधनकारक आहे, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते. त्यात व्याजदर, हप्ता, प्रोसेसिंग फी, विमा, मुदतीपूर्वी कर्ज फेडण्याचे शुल्क आणि हे सर्व धरून निघणारा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. जे शुल्क या विवरणात नाही, ते तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे आकारता येत नाही. परंतु वित्तसंस्थेने स्वतःच्या खिशातून शोरूमला काय दिले, यासाठी त्या तक्त्यात रकानाच नाही. माझ्या मते ही मोठी उणीव आहे. ज्या माणसाच्या शब्दावर विसंबून आपण कर्ज निवडतो, त्याला त्या निवडीतून किती मिळते हे कर्जदाराला कळायला हवे. तोवर एपीआर हाच आपला आधार, कारण पेआउट कितीही लपवला, तरी तो वसूल व्हायचा तो व्याजातूनच.

तुमचाच आकडा घ्या. आठ लाखांवर साडेनऊ टक्क्यांनी ६० महिन्यांचा हप्ता सुमारे १६,८०१ रुपये होतो, साडेदहा टक्क्यांनी १७,१९५. दरमहा सुमारे ३९४ रुपये जास्त, म्हणजे पाच वर्षांत साडेतेवीस हजारांहून अधिक. शोरूमच्या टेबलावर मात्र बोलणे होते ते “महिन्याला चारशेचाच तर फरक आहे” असे. काही ठिकाणी तर ‘सहा टक्के फ्लॅट’ सांगतात, आणि ऐकणारा खूश होतो. फ्लॅट दरात फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज लागते. त्यामुळे आठ लाखांवर सहा टक्के फ्लॅटचा हप्ता १७,३३३ रुपये येतो आणि खरा दर पावणेअकरा टक्क्यांच्या वर जातो. तुमच्या साडेदहापेक्षाही तो महाग.

आता तुम्ही काय करावे? प्रथम वित्तसंस्थेकडे ईमेलने केएफएसची प्रत, कराराची प्रत आणि हप्त्यांचे वेळापत्रक मागा, आणि या कर्जासाठी शोरूमला किंवा त्याच्या प्रतिनिधीला किती रक्कम दिली, हेही सरळ विचारा. उत्तर देतीलच असे नाही, पण प्रश्न लेखी नोंदला जाणे महत्त्वाचे. केएफएसवर तुमची पोच कशी घेतली गेली तेही तपासा. सात दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जाचा प्रस्ताव विचारासाठी किमान तीन कामकाजाचे दिवस खुला ठेवावा लागतो. तुमच्याकडून एका बैठकीत ओटीपी घेतले गेले असतील, तर ते तक्रारीत लिहा. कमी दराबद्दलचे आश्वासन व्हॉट्सॲपवर असेल, तर ते संभाषण पुसू नका.

वित्तसंस्थेकडे केलेल्या तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. “तो मुलगा आमचा नोकर नव्हे” असे म्हणून वित्तसंस्थेला आपल्या विक्री प्रतिनिधीच्या वर्तनाची जबाबदारी झटकता येत नाही. शोरूमविरुद्ध मात्र लोकपाल काही करू शकत नाही. त्यासाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली, दिशाभूल करून सेवा विकल्याबद्दल, दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल. वित्तसंस्थेचे मुख्यालय मुंबईत असो वा चेन्नईत, तुम्ही इथे राहता म्हणून कोल्हापुरातच तक्रार दाखल करता येते. पुरावा केवळ तोंडी असल्यास निकालाची फार खात्री मी देणार नाही.

कर्ज आपल्या बँकेकडे वळवावे असेही मनात येईल. घाई करू नका. मुदतीपूर्वी फेडीचे शुल्क शिल्लक मुद्दलाच्या चार टक्के असेल, तर सात लाखांवर २८,००० रुपये जातात, म्हणजे वाचणाऱ्या व्याजापेक्षा जास्त. शिवाय आरटीओमधील बोजा बदलण्याची धावपळ वेगळीच.

जाता जाता, आपल्या भागात अनेक जण पतसंस्थेतून गाडी घेतात, त्यांच्यासाठी : पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या या नियमांत येत नाहीत, त्यांची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे होते. नागरी सहकारी बँकांना मात्र केएफएस द्यावाच लागतो.

प्रश्न : माझा मुलगा इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. २०१८ मध्ये त्याने तिथे कर्जाने जुनी गाडी घेतली. भरपाई मिळवून देतो, पण एक तृतीयांश हिस्सा आमचा, असे सांगणारे फोन त्याला येतात. त्याने सही करावी का? — एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : करू नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफसीएने मांडलेल्या भरपाई योजनेच्या प्रस्तावात ६ एप्रिल २००७ ते १ नोव्हेंबर २०२४ या काळातील करार धरलेले होते, त्यामुळे मुलाचा करार काळाच्या दृष्टीने त्यात बसतो. कमिशन कशा प्रकारचे होते, यावर पुढचे अवलंबून राहील. त्याने ज्या वित्तसंस्थेकडून कर्ज घेतले तिलाच थेट लिहून कमिशन दिले होते का, किती आणि कोणत्या पद्धतीने, हे विचारावे. त्याला पैसे पडत नाहीत आणि मध्यस्थही लागत नाही, हे एफसीएने वारंवार सांगितले आहे. करार हरवला असेल, तर त्या वर्षीच्या बँक खात्याच्या उताऱ्यात हप्ता कोणाला जात होता ते दिसेल, तेवढ्यावर विचारणा करता येते. फोन करणाऱ्यांना मात्र पासपोर्टची किंवा खात्याची माहिती, त्याने तिथून किंवा तुम्ही इथून, देऊ नये.