क्रायसलीगा म्हणून मागे फिरू नकोस

अगं,

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी ट्राममध्ये वाचला. ट्रायल मस्त झाली, कोचला तू आवडलीस, आणि मग तुला कळलं की बायकांची टीम क्रायसलीगात आहे म्हणजे सगळ्यात खाली, ट्रेनिंग शुक्रवारी रात्री साडेआठला, तेही अर्ध्याच मैदानावर कारण उरलेल्या अर्ध्यावर पुरुषांची तिसरी टीम. आणि आता विचारतेयस, ताई डॉर्टमुंडात एवढे क्लब आहेत, दुसरीकडे बघू का.

लीग खालची आहे म्हणून तर अजिबात सोडू नकोस. तुझ्याच गावातलं बीव्हीबी, म्हणजे बोरुसिया डॉर्टमुंड घे. 1909 चा क्लब, 81 हजारांचं स्टेडियम, बायकांची हँडबॉल टीम 2021 मध्ये जर्मनीची चॅम्पियन झाली, आणि बायकांची फुटबॉल टीम निघाली कधी, तर त्याच 2021 ला! एवढं मोठं नाव, पण दुसऱ्या कुणाची वरच्या लीगमधली जागा न घेता त्यांनी सुरुवात केली ती याच क्रायसलीगातून, सातव्या पातळीवरून. मग दरवर्षी एकेक पायरी वर चढत 2025 मध्ये रेगिओनाललीगात पोचल्या, म्हणजे तिसऱ्या पातळीवर. पिवळी जर्सी घातलेल्या त्या पोरी गल्लीतल्या क्लबांच्या मैदानावर खेळल्या ना, मग तुला कसली लाज?

मैदानाचं मात्र मनावर घे. इथे बायकांच्या फुटबॉलची सगळी गोष्ट मैदानाचीच आहे. 30 जुलै 1955 ला जर्मन फुटबॉल असोसिएशनने, डीएफबीने, ठराव केला की क्लबांनी बायकांच्या टीम काढायच्या नाहीत, त्यांना मैदान द्यायचं नाही, रेफ्रीनेही त्यांच्या मॅचला जायचं नाही. कारण काय तर फुटबॉलने बाईच्या शरीराला आणि मनाला इजा होते. तरी बायका खेळल्या, 1956 मध्ये इथेच शेजारी एसनला नेदरलँड्सबरोबर मॅच झाली आणि जवळपास 18 हजार लोक बघायला आले. बंदी उठली ती थेट 31 ऑक्टोबर 1970 ला, तीही अटी घालून, हाफ 30 मिनिटांचा, बॉल हलका, बुटांना स्टड नकोत. म्हणजे तुझ्या क्लबच्या क्लबहाउसमध्ये ज्या आज्या कॉफी पीत बसतात ना, त्यातल्या कुणालातरी सोळाव्या वर्षी खेळायचं असेल आणि क्लबने दार लावलं असेल. विचार त्यांना कधीतरी. बोलतात त्या.

माझ्या पहिल्या क्लबात आम्हाला जुन्या लाल आशच्या मैदानाचा अंधारातला कोपरा दिला होता, इकडच्या भागात अशी खडीची मैदानं खूप होती, पडलं की गुडघ्यात बारीक लाल खडे घुसायचे आणि घरी नळाखाली पाय धरून मी ते नखांच्या ब्रशने काढायचे. दोन वर्षं आम्ही कपडे बदलताना कुरकुर केली, बाहेर कुणाला एक शब्द नाही. मग कॅप्टन म्हणाली, वेळ ठरते कुठे ते तरी बघू, आणि आम्ही सोळा जणी वार्षिक सभेला जाऊन बसलो. पहिल्या वर्षी हरलो, चक्क हरलो, मतं कमी पडली. पुढच्या वर्षी अंडर 13 मुलींच्या आईवडिलांना आधीच जाऊन भेटलो आणि मंगळवार सात वाजता अख्खं मैदान मिळालं, तेही एक आठवडा सोडून एक. अजूनही पूर्ण नाही.

म्हणून सांगते, मेंबरशिपचा फॉर्म आजच भर. इथला क्लब म्हणजे फेराइन, तो मेंबरांचा असतो, सभेत तुला मत मिळतं, नुसतं ट्रेनिंगला येऊन खेळून गेलीस तर नाही मिळत. काही मागायचं असेल तर अर्ज लेखी दे आणि सभेच्या आधी दे, तारीख क्लबच्या नियमांत असते. आणि कामं घे गं, खरंच घे. रविवारी मॅचला स्टॉल लागतो, सगळ्या केक आणतात, तू बटाटेवडे घेऊन जा, मी कितीतरी वर्षं तेच करतेय, थंडीपावसात हातोहात जातात. स्टॉलवर शेजारी उभा राहिलेला माणूस सभेत तुझं ऐकून घेतो.

प्लेयर पासचं, म्हणजे लीगची मॅच खेळायच्या परवान्याचं, आजच विचार. तू पुण्यात रजिस्टर्ड खेळलीयस, त्यामुळे डीएफबी भारतातल्या फेडरेशनकडून परवानगी मागवेल आणि त्यात वेळ जातो, तोवर ट्रेनिंग चालेल पण लीगची मॅच नाही.

आणि बूट. मैदान कृत्रिम गवताचं आहे, लोखंडी स्टड चालत नाहीत, छोट्या रबरी खुंट्यांचे घे. शुक्रवारी मी बोखुमहून येतेय, आठला क्लबहाउसच्या दाराशी थांब.

तुझी,
ताई