फिजिक्स घेतलं तर पोराचं पुढे काय?

दिवाळीनंतर चोपडा तालुक्यातले एक केळीवाले आबा बारावीतल्या मुलाला घेऊन जळगावला माझ्याकडे आले. "पोऱ्या आयकस नही, ताई. इंजिनिअरिंग सोडून फिजिक्स करीन म्हणतो. शेवटी शिकवण्याच घ्यायच्या ना?" बापलेकांचं बोलणं महिनाभर बंद होतं.

ही काळजी दरवर्षी कुणी ना कुणी पालक घेऊन येतात. मी आधी मुलाशी एकट्याशी बोलले. क्लास बुडवून तो लेसर मशीनने नावाच्या पाट्या कापणाऱ्या दुकानात बसायचा. आबांच्या लेखी ही उनाडकी. त्याला मात्र एकच गोष्ट छळत होती: ॲक्रिलिकवरचा लाल ठिपका नुसता नेम धरायला असतो, मग खरा कापणारा प्रकाश दिसत का नाही?

मग दोघांना समोर बसवलं आणि कुमार पटेलांबद्दल सांगितलं. जन्म १९३८, आपल्या बारामतीचा. १९५८ साली पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी, पुढे स्टॅनफर्डला पीएचडी, १९६१ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत नोकरी. तिथेच त्यांनी कार्बन डायऑक्साइडचा लेसर बनवला, १९६४ मध्ये. नळीतल्या वायूतून वीज सोडायची. नायट्रोजनचे रेणू ती ऊर्जा कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंना देतात, आणि त्यातून सुमारे १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश निघतो. डोळ्याला न दिसणारा. पाट्यांच्या दुकानातल्या मशीनमध्ये हीच नळी असते. मुलगा खुर्चीत पुढे सरकला.

आबांनी नेमकं हेरलं, "म्हणजे ते इंजिनिअरच ना?" होय, आणि काम फिजिक्सचं. दोन्हींमध्ये भिंत नाही, हे मला त्यांना दाखवायचं होतं. सगळेच पटेल होत नाहीत, हेही स्पष्ट सांगितलं. पण पैशाची भीती खोटी नव्हती; केळीचा भाव पडला की घर कसं हलतं, ते मी या भागात पाहिलंय.

म्हणून कागदावर मांडलं: पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेच्या पाच वर्षांच्या बीएस-एमएस पदवीसाठी प्रवेश परीक्षा द्यायची, सोबत इंजिनिअरिंगची सीईटीही. आयसर हुकलं तर जळगावात इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंग, किंवा बीएस्सी करून आयआयटीच्या एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा. क्लास बुडवणं बंद, ही आबांची अट मुलाने मान्य केली.

निघताना आबा चपला घालत मुलाला विचारत होते, "ती नळी फुटली तं मग काय करतात रे?"