घरच्या लेथवर बनवलेला लाकडी यो-यो थरथरतो व कलतो, याचे कारण काय असावे?

आपण विचारले आहे की, शिसवाच्या फळीतून गोल चकत्या कातून, मग त्यांच्या मध्यभागी ड्रिलने भोके पाडून केलेला यो-यो खाली जाताच थरथरतो, एका बाजूला कलतो आणि दोरीला घासून थांबतो. तर आकारात काय सुधारणा करावी? माझ्या मते दोष आकारात नसून कामाच्या क्रमात आहे. आधी कडा कातून नंतर भोक पाडले, की भोक कितीही काळजीपूर्वक पाडले तरी ते किंचित बाजूला जातेच, आणि यो-यो वेगाने फिरू लागला की अर्ध्या मिलिमीटरचा फरकही हाताला जाणवतो.

म्हणून भोक आधी आणि कडा नंतर, हा क्रम ठेवावा. करवतीने कापलेली ओबडधोबड चकती लेथच्या फिरत्या पकडीत (चकमध्ये) धरून तिची आतली बाजू, म्हणजे दोरीकडे येणारी बाजू, सपाट करावी, आणि चकती न काढता त्याच पकडीत, टेलस्टॉकमध्ये (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या आधारात) बसवलेल्या ड्रिलने आरपार भोक पाडावे, म्हणजे भोक आणि सपाट बाजू एकमेकांशी बरोबर काटकोनात राहतात. मग दोन्ही चकत्यांच्या सपाट बाजू एकमेकींना चिकटतील अशा रीतीने त्या एकाच बोल्टवर नटाने घट्ट आवळून कडा एकत्र काताव्यात. व्यास ५५ ते ६० मिलिमीटर ठेवला तर तळहातात नीट मावतो.

बाहेरच्या बाजूने नटाभोवती छोटा उंचवटा राखून, तो आणि कड यांच्यामधले लाकूड ताटलीसारखे खोलगट काढावे. ही केवळ शोभा नव्हे. फिरण्यातील जडत्व अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे केंद्रापासून दुप्पट अंतरावर असलेले तेवढेच लाकूड चौपट उपयोगी पडते, आणि एकूण वजन न वाढवता यो-यो अधिक वेळ फिरत राहतो.

लाकडाच्या निवडीबाबत मात्र मी हट्टी आहे. शिसवाचा काळसर गाभा जड असतो आणि बाहेरचे पांढुरके लाकूड हलके. दोन्ही रंग एकाच चकतीत आले तर ती दिसते सुंदर, पण तिचा तोल जातो. दोन्ही चकत्या एकाच फळीतून, शेजारी-शेजारी आणि निव्वळ गाभ्याच्या घ्याव्यात. तोल पाहण्यासाठी प्रत्येक चकतीत गुळगुळीत सळई घट्ट बसवून ती समतल ठेवलेल्या दोन पट्ट्यांच्या धारांवर ठेवावी. प्रत्येक वेळी तीच बाजू खाली येत असेल, तर त्या बाजूच्या कडेचे लाकूड आतून थोडे खरवडावे. दोन्ही चकत्यांच्या जड बाजू समोरासमोर उलट ठेवून जोडण्याची युक्ती काही जण सांगतात. तिने थरथर कमी होते खरी, पण डुलणे उरते. शिसवाचा भुसा अनेकांच्या नाकाला व त्वचेला त्रास देतो, तेव्हा चष्म्याबरोबर मास्कही लावावा.

जोडणीसाठी भोकाच्या मापाचा, सरळ रेषांच्या टणक लाकडाचा आस कातावा. फेव्हिकॉल फक्त भोकांच्या आत लावावा, आणि दोन चकत्यांमध्ये तीन ठिकाणी सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून ते वाळू द्यावे. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद यासाठी छान चालतो. दोन ते अडीच मिलिमीटर फट सुती दोरीला पुरते. वाळल्यावर बाहेर डोकावणारा आस कापून सपाट करावा आणि चपडा (लाखेचे) पॉलिश फक्त बाहेरून द्यावे. आसाच्या उघड्या भागाला पॉलिश किंवा तेल लागले, तर दोरी त्यावर नुसती घसरते आणि झटका देऊनही यो-यो वर येत नाही.

दोरी आसाला गाठ मारून बांधू नये, हेही सांगायला हवे. दुहेरी पिळलेल्या दोरीचे टोक उकलून त्या फासात आस सैल बसवतात, त्यामुळे यो-यो तळाशी जागच्या जागी फिरत राहू शकतो. फिलिपाइन्समधून अमेरिकेत गेलेल्या पेद्रो फ्लोरेस यांनी १९२८ मध्ये कॅलिफोर्नियात असेच यो-यो विकायला सुरुवात केली आणि तिथे त्यांची लाट आली. दोरी शुद्ध सुतीच घ्यावी. लाकडी आसावर घासून पॉलिएस्टर तापते आणि वितळू लागते.