बॉक्स्टर, झेड फोर, टीटी की एलिस? फक्त रस्त्यावर चालवायची असेल तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: जुनी युरोपियन स्पोर्ट्स कार घ्यायचीय, ट्रॅकवर कधीच न्यायची नाही, आठवड्यातून दोन-तीनदा कामाला आणि सुट्टीच्या दिवशी एखादी लांब चक्कर एवढाच वापर. यादीत पोर्शे बॉक्स्टर ९८६ (म्हणजे पहिली पिढी) एस, बीएमडब्ल्यू झेड फोर ३.०, ऑडी टीटी २२५ आणि पहिल्या पिढीतली लोटस एलिस, शिवाय मनात कुठेतरी बीएमडब्ल्यूची ई४६ एम३ पण ठाण मांडून बसलीय. आधी उत्तर देतो, कारणं मग. बॉक्स्टर घ्या पण एस नको, साधी २.७ लिटरची घ्या, आणि ती मनासारखी मिळाली नाही तर झेड फोर. बाकीच्या तीन गाड्या वाईट अजिबात नाहीत पण तुमच्या वापराला त्या बसत नाहीत.

तुम्ही हॉर्सपॉवर आणि शून्य ते शंभरचे आकडे शेजारी शेजारी मांडलेत ना, तो कागद बाजूला ठेवा. रस्त्यावर तुमचा नव्वद टक्के वेळ चाळीस ते नव्वदच्या वेगात जाणार आहे आणि त्या वेगात गाडी हाताला, पायाला, कानाला काय देते तेवढंच बघायचं. स्टिअरिंगमधून रस्ता कळतो का, गियर टाकताना बरं वाटतं का, ॲक्सिलरेटरला इंजिन लगेच उत्तर देतं का, खडबडीत रस्त्यावर कंबर शाबूत राहते का, बाहेरचं नीट दिसतं का. टेस्ट ड्राइव्हला लोक हायवेवर नेऊन एकदा पाय दाबतात आणि खूश होऊन परत येतात, त्यातून काही कळत नाही हो. वळणावळणाच्या रिकाम्या रस्त्यावर साठच्या वेगात अर्धा तास चालवा. तिथे कंटाळा आला तर ती गाडी तुमची नाही, मग तिची पॉवर किती का असेना.

एम३ चा निकाल इथेच लागतो. ते ३.२ लिटरचं एस५४ इंजिन भन्नाटच आहे, ३४३ पीएस (पीएस म्हणजे जवळजवळ हॉर्सपॉवरच), जवळपास ८००० आरपीएमपर्यंत ओढतं, पण त्याचा खरा जीव वरच्या आरपीएममध्ये आहे आणि दुसऱ्या गियरमध्ये तिथवर पोचेपर्यंत तुम्ही शंभरच्या पुढे गेलेले असता. म्हणजे एकतर लायसन्स पणाला लावा नाहीतर दीड टनाची कूपे कायम अर्ध्या पायाने चालवा. आणि खर्च मात्र पूर्ण पायाचा: कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंग, व्हॅनोस (व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा), मागचा सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारा सांगाडा) जिथे बसतो तिथे पत्र्याला जाणाऱ्या भेगा. जी ताकद वापरणारच नाही तिच्या देखभालीचे पैसे कशाला भरायचे?

हेच लॉजिक बॉक्स्टरमध्ये एस आणि साध्या मॉडेलला लावा. एसमध्ये ३.२ लिटर, २५२ पीएस आणि सहा गियर. साधीमध्ये २००० पासून २.७ लिटर, २२० पीएस आणि पाच गियर. कागदावर एस जिंकते, पण २.७ मध्ये पाय जास्त वेळ दाबून ठेवता येतो, इंजिन वर न्यायला सबब मिळते, आणि तो आवाज तर ऐकायलाच हवा, फ्लॅट सिक्स (आडव्या सहा सिलेंडरचं इंजिन) तुमच्या पाठीमागे अगदी डोक्याजवळ असतं. एसचे मोठे ब्रेक ट्रॅकवर कामाला येतात, रस्त्यावर साधे ब्रेक पुरून उरतात. बाकी दोन्हींचा सांगाडा एकच, इंजिन मधोमध, वजन साडेबाराशे-तेराशे किलोच्या आसपास, हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग, पुढे एक आणि मागे एक अशा दोन डिक्या. स्वस्त का आहे विचाराल तर एक म्हणजे तोंडवळा, तळलेल्या अंड्यासारखे हेडलाइट म्हणून लोक अजून नाक मुरडतात (तेच तोंड त्या वेळच्या पोर्शे ९११ ला पण होतं, तिलाही तेच टोमणे). आणि दुसरं कारण म्हणजे आयएमएस बेअरिंगची भीती.

त्या बेअरिंगबद्दल नीट सांगतो कारण तुम्ही त्याच्यावरच अडलाय असं दिसतंय. या एम९६ इंजिनात क्रँकशाफ्ट एका मधल्या शाफ्टला (इंटरमीडिएट शाफ्ट, म्हणून आयएमएस) फिरवतो आणि त्या शाफ्टवरून चेन कॅमशाफ्टना (व्हॉल्व्ह उघडणारे शाफ्ट) फिरवतात. मधल्या शाफ्टच्या फ्लायव्हीलकडच्या टोकाला एक सीलबंद बॉल बेअरिंग आहे. सील कालांतराने दगा देतं, आतलं ग्रीस धुऊन जातं, बेअरिंग झिजून फुटलं की शाफ्ट जागचा हलतो, टायमिंग बिघडतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन संपलं. सुरुवातीच्या गाड्यांत दुहेरी रांगेचं बेअरिंग होतं, ते बरंच टिकाऊ निघालं. साधारण २००० ते २००५ मधल्या बऱ्याच गाड्यांत एकेरी रांगेचं आलं आणि खरी बोंब त्याची आहे, अमेरिकेत २००१ ते २००५ च्या गाड्यांवरून क्लास ॲक्शन (सगळ्या मालकांच्या वतीने एकत्र) खटला होऊन तडजोडसुद्धा झाली. त्यानंतर मोठं बेअरिंग आलं, ते जास्त भरवशाचं आहे पण इंजिनाचे दोन भाग वेगळे केल्याशिवाय बाहेर निघत नाही. आणि २००९ च्या ९८७ (पुढच्या पिढीची बॉक्स्टर) पासून नवीन इंजिनात तो मधला शाफ्टच नाही.

याचा अर्थ घाबरून पळायचं असं नाही. एकेरी बेअरिंग बदलता येतं, गियरबॉक्स खाली काढावा लागतो, म्हणून क्लच बदलायला आला की त्याच वेळी बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील पण करून घ्यायचं, मजुरी एकदाच लागते. घेताना विक्रेत्याला विचारा बेअरिंग बदललंय का, आणि नुसतं हो म्हटलं तर बिल दाखवायला सांगा. बदललेलं नसेल तर ती किंमत गाडीच्या भावातून वजा करा, सरळ हिशेब. शिवाय ऑइल फिल्टर कापून आत चकाकणारे धातूचे कण आहेत का ते मेकॅनिककडून बघून घ्या. आणि एक गोष्ट लोकांना उलटी वाटते: फार कमी चाललेली, वर्षानुवर्षं कव्हरखाली उभी असलेली गाडी इथे जास्त चांगली नसते. रोज चालणारी, ऑइल वेळेच्या आधी बदललेली गाडी मी डोळे झाकून जास्त पसंत करेन, मीटरवर आकडा मोठा असला तरी.

बॉक्स्टरचे बाकीचे दुखणे बारीक आहेत पण माहिती पाहिजेत. छताच्या दोन्ही बाजूंना पाणी निघून जायला नळ्या आहेत, त्या पाल्याने तुंबल्या की पाणी आत येतं आणि सीटखालचं कंट्रोल युनिट भिजतं, मग लॉक, अलार्म, इमोबिलायझर सगळे रुसतात आणि गाडी चालूच होत नाही. म्हणून कार्पेटखाली हात घालून ओल बघा, हे शोरूमसारखी चकाचक गाडी असली तरी करा. मागच्या डिकीतली कूलंटची टाकी तडकते, तिथे गुलाबी डाग दिसतात का पहा. पुढच्या बंपरच्या जाळ्यांत टॉर्च मारून बघा, रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरवर पाला-कचरा साठून ते गंजतात. २००३ मॉडेलपासून मागची काच खरी काच झाली, त्याआधी प्लास्टिक, ते पिवळं पडतं आणि घडीवर फाटतं. आणि हो, इंजिन बघायला म्हणून पुढचं बॉनेट उघडाल तर बॅग ठेवायची जागा दिसेल, मागचं उघडाल तर तिथेही बॅग ठेवायचीच जागा, इंजिन छताखाली दडलेलं असतं. त्यामुळे लिफ्टवर चढवून खालून बघितल्याशिवाय सौदा करूच नका.

आता झेड फोर. लांब बॉनेट, जवळजवळ मागच्या चाकांवर बसलेले तुम्ही, पुढे सरळ सहा सिलेंडर. २००५ पर्यंतचं ३.० म्हणजे २३१ पीएसचं एम५४ इंजिन, २००६ नंतर एन५२ इंजिन, ३.०एसआय मध्ये २६५ पीएस. इंजिन म्हणून मला ही बॉक्स्टरपेक्षा रस्त्यावर सोपी वाटते, खालून ओढते, गियर बदलायची घाई नाही, आणि जवळपास कुठलाही बीएमडब्ल्यूचा मेकॅनिक हे इंजिन ओळखतो हा मोठा फायदा. एम५४ ऑइल खातं आणि कूलिंगचं सगळं प्लास्टिक (रेडिएटर, टाकी, थर्मोस्टॅट) वयाने ठिसूळ होतं, ते सगळं एकदम बदलून टाकायचं, एकेक करत बसलात तर दर उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला उभे राहाल. एन५२ मध्ये पाण्याचा पंप इलेक्ट्रिक आहे, तो न सांगता जातो. छताची मोटर पाणी साचतं नेमक्या त्या खड्ड्यात बसवलीय, कुणाच्या डोक्यातून हे निघालं देव जाणे. नळ्या तुंबल्या की मोटर बुडते.

झेड फोरमध्ये माझी तक्रार दोन गोष्टींची. एक म्हणजे स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे आणि गाडी तापल्यावर सरळ रस्त्यावर मधोमध किंचित अडकल्यासारखं होतं, काहींना कळतही नाही, काहींना त्याशिवाय दुसरं काही सुचत नाही, म्हणून गाडी अर्धा तास चालवून तापल्यावर तपासा. दुसरं म्हणजे रन-फ्लॅट टायर (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे, म्हणून कडक). त्यांच्या जागी साधे टायर टाकले की हीच गाडी खराब रस्त्यावर निराळी वाटते, धक्के कमी होतात आणि पुढचं टोक भरकटत नाही. स्टेपनी नाही तेवढं लक्षात ठेवा, पंक्चरचं किट आणि छोटा पंप डिकीत टाका.

टीटी बद्दल फार लिहीत नाही. दिसायला या यादीत सगळ्यात देखणी, आतलं काम अप्रतिम, पावसात चारचाकी ओढ कामाला येते, रोजची गाडी म्हणून सगळ्यात सोयीची. पण इंजिन आडवं आणि पुढच्या चाकांच्याही पुढे झुकलेलं, हॅल्डेक्स यंत्रणा मुळात पुढची चाकं चालवते आणि ती घसरू लागली की मागे ताकद पाठवते, त्यामुळे वळणात गाडी तुमच्याशी बोलत नाही. तरी घेतलीतच तर टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि पाण्याचा पंप हे तिन्ही एकदम बदला, कंपनीने सुरुवातीला दिलेल्या अंतराच्या भरवशावर राहू नका. अगदी पहिल्या वर्षातली असेल तर मागे छोटा स्पॉयलर आहे का बघा, जर्मनीत जास्त वेगात अपघात झाल्यावर कंपनीने गाड्या परत बोलावून तो स्पॉयलर आणि ईएसपी (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) बसवलं होतं.

एलिस म्हणजे वेगळंच प्रकरण. १९९६ ची पहिली गाडी सव्वासातशे किलोच्या आसपास, अ‍ॅल्युमिनियमचे भाग चिकटवून केलेली चेसिस, पॉवर स्टिअरिंग नाही आणि लागतही नाही. साठच्या वेगात सर्वात जास्त मजा कशात म्हणाल तर यातच, माझ्याच कसोटीवर ही पहिली येते हे मान्य. मग नको का म्हणतोय? कारण तुम्ही लिहिलंय की बायकोही सोबत येणार आणि कामाला पण न्यायची. तो रुंद उंबरा ओलांडून आत-बाहेर करणं पहिल्या आठवड्यात गंमत वाटते, ऑफिसच्या कपड्यांत पावसात नाही वाटत. ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही. पुढचा सगळा भाग फायबरग्लासचा एकसंध आहे, पार्किंगमधला छोटा धक्का मोठं बिल काढतो. रोव्हरच्या के सिरीज इंजिनात हेड गॅस्केट जातं, कूलंटवर सतत नजर ठेवावी लागते. २००४ पासून टोयोटाचं १.८ लिटरचं इंजिन असलेली पण आली, तिला ही कटकट नाही, पण ती तुमच्या बजेटच्या वर जाईल. घरात आणखी एक गाडी असती तर मी वेगळं लिहिलं असतं.

पैशाचं एकच सांगतो. जुन्या गाडीचा भाव पडतो, पार्टचा भाव पडत नाही, पार्ट मूळच्या महाग गाडीच्याच हिशेबाने मिळतात. म्हणून जेवढे पैसे ठरवलेत त्यातले तीन चतुर्थांश गाडीला आणि उरलेले पहिल्या वर्षाला, सगळे गाडीत घालू नका. आणि बघायला जाल तेव्हा टायर आधी बघा. चार चाकांना चार कंपन्यांचे स्वस्त टायर, किंवा कडेवरच्या चार आकडी कोडवरून (आधी आठवडा, मग वर्ष) दहा वर्षं जुने निघाले, तर न दिसणाऱ्या जागी मालकाने किती खर्च केला असेल ते कळलं. इंजिन थंड असतानाच पहिल्यांदा चालू करायला सांगा, तुम्ही पोचायच्या आत कुणी गरम करून ठेवलं असेल तर परत दुसऱ्या दिवशी जा. बॉक्स्टरमध्ये डायग्नोस्टिक लावून ओव्हर-रेव्हची नोंदही वाचता येते, चुकून खालचा गियर टाकून इंजिन उधळलं असेल तर तिथे दिसतं.

शेवटी ऑटोमॅटिकचं विचारलंत ते. बॉक्स्टरची टिपट्रॉनिक टिकाऊ आहे, ट्रॅफिकमध्ये सुखाची आहे, आणि मॅन्युअलपेक्षा स्वस्त मिळते, पण २.७ ची मजा तिथे बरीच आळसावते. गुडघा दुखत असेल तर जरूर घ्या, नाहीतर मॅन्युअल. झेड फोरमध्ये एसएमजी गियरबॉक्स (मॅन्युअलच, पण क्लच आपोआप चालवणारा) दिसला तर कितीही चांगली गाडी असो, सोडून द्या, हळू चालवताना तो प्रत्येक गियरला मान हलवतो आणि बिघडला की दुरुस्त करणारा शोधत फिरावं लागतं. साधी ऑटोमॅटिक असेल तर चालेल. बघितलेल्या गाड्यांचे सर्व्हिस रेकॉर्ड आणि खालून काढलेले फोटो टाका, वेळ मिळेल तसं बघून सांगतो.